खुनी चालत यायचे

आमच्या चौकातल्या पानठेल्यावर रोज कोणाला तरी फाशी होते. पेपरात कुठे खुनाची बातमी आली की संध्याकाळपर्यंत त्या खुन्याला दोन-चारदा लटकवून झालेलं असतं. कोणी म्हणतो भरचौकात द्या, कोणी म्हणतो आधी हातपाय तोडा, मग बघा कोणाची हिंमत होते ते. आणि मग हमखास माझ्याकडे वळून विचारतात, "काय जमादार, खरं की नाई? तुम्ही त खुनी जवळून पाह्यले." मी मान हलवतो. ती होकाराची असते की नकाराची हे त्यांना आजवर कळलेलं नाही, आणि तोंडात पान असलं की बोलावंही लागत नाही. पोलिसाला जन्मभर प्रश्न विचारायची सवय. उत्तर द्यायची पाळी आली की आमची बोबडी वळते. या अंकाच्या संपादकांनी मात्र मला पान थुंकायला लावलं, म्हणून हे लिहितो आहे.

पन्नासच्या दशकात मी अहेरीच्याही पलीकडे, जंगलातल्या एका ठाण्यात हेडकॉन्स्टेबल होतो. चंद्रपूरला तेव्हा चांदा म्हणत आणि गडचिरोलीचा वेगळा जिल्हा कोणाच्या स्वप्नातही नव्हता. मी सिंदेवाहीकडचा, धान पिकवणाऱ्या घरातला. तिकडे माझी बदली झाली तीच मुळी शिक्षा म्हणून, कारण एका साहेबाला मी उलट उत्तर दिलं होतं. त्या शिक्षेने मी सुधारलो का, हे माझ्या बायकोला विचारा.

ठाणं म्हणजे कुडाच्या भिंती, गवती छप्पर, मूठभर शिपाई आणि समोर कुसुमाचं मोठं झाड. पावसाळ्यात बांडिया नदी भरली की आम्ही जगातून उठलो. आसपास सगळी माडिया गोंडांची गावं. बाहेरच्या माणसाला वाटतं, खून झाला की पोलीस खुन्याच्या शोधात निघतात. आमच्याकडे उलटं होतं. खून झाला की खुनी आम्हाला शोधत यायचा.

खांद्यावर टंग्या, म्हणजे कुऱ्हाड, आणि सोबत गावचा गायता. गायता हा गावाचा पुजारीही आणि म्होरक्याही. दोघं कुसुमाच्या झाडाखाली येऊन बसत. जोहार होई. मग तो माणूस टंग्या माझ्यासमोर जमिनीवर ठेवी आणि म्हणे, "मी मारलो." एवढंच. कोणाला, कुठे, कशावरून, हे विचारलं की सांगे, काही लपवत नसे. आता गंमत अशी, की पोलिसापुढची कबुली कायद्याने कोर्टात चालत नाही. ती मॅजिस्ट्रेटसमोर व्हावी लागते. म्हणजे रक्ताची टंग्या माझ्या पायाशी, माणूस सगळं सांगतो आहे, आणि कायद्याच्या दृष्टीने मी बहिरा. आम्ही त्याला आधी आंबील पाजायचो, कारण तो लांबून चालत आलेला असे. मग प्रेताचा पंचनामा करायला दुसरा शिपाई गावाकडे, आणि याला घेऊन एक शिपाई तहसीलकडे.

पहिल्या वर्षीचा लालसू मला चांगला आठवतो. शिकारीत मारलेल्या रानडुकराच्या वाटणीवरून, मोहाच्या दारूच्या धुंदीत, त्याने चुलतभावावर टंग्या चालवली होती. त्याला घेऊन रहीमखाँला धाडलं. रहीमखाँ आमचा शिपाई, चांद्याच्या जटपुऱ्याकडचा, अंगाने भारी आणि चालायचा त्याला मनापासून कंटाळा. वाटेत त्याच्या बुटाने पाय सोलला. लालसूने आधी त्याचं गाठोडं घेतलं, मग बंदूक घेतली, नदीत तर त्यालाच खांद्याचा आधार देऊन पार नेलं. तहसीलच्या कचेरीत कैदी पुढे बंदूक घेऊन आणि शिपाई मागून लंगडत, अशी वरात पोचली तेव्हा तिथल्या पहारेकऱ्याने घाबरून फाटक लावून घेतलं. परत आल्यावर मी रागावलो, तर रहीमखाँ म्हणतो, "जमादारसाब, वो कायको भागेगा? भागना होता तो आता कायको?"

हा प्रश्न मलाही पडला होता. पळायचं नाही, लपायचं नाही, हे कशामुळे? मी तो जोगा गायत्याला विचारला. नदीपलीकडच्या गावाचा हा गायता, वाळका, पांढऱ्या केसांचा, माझं मोडकंतोडकं माडिया ऐकून पोट धरून हसणारा. बरेच खुनी त्याच्याच हाताने माझ्याकडे आले. ही सगळी माणसं माडियात बोलत. मी त्यांचं बोलणं इथे आमच्या झाडीच्या बोलीत लिहितो आहे, कारण शाळेतल्या मराठीत ती माणसं मला ऐकूच येत नाहीत.

जोगा म्हणाला, "मारनारा लपून राह्यला त मेलेला बी गावातच राह्यते, भाऊ. त्याले जागा नाई भेटत. मारनाऱ्यान तोंडान सांगाव, सरकारची सजा भोगाव, वापस येऊन गावाले जेवण द्याव. पयली पत्रावळ मेलेल्याची. ते मारनाऱ्यानच आपल्या हातान वाढाव. मंग तो मेलेला आपल्या मानसात जाते. अन् जेवण झालं का मारनारा बी आपल्या मानसात."

"आणि तोवर?"

"तोवर कोनी त्याच्या हातचं पानी नाई पेत."

साऱ्या मुलखाचं मी सांगत नाही, पण आमच्या ठाण्याच्या गावांत ही रीत होती. तुरुंग त्या रीतीत कधी शिरला ते देव जाणे. पण त्यांनी त्याला आपल्यात बसवून घेतलं होतं. तेव्हाच्या कायद्यात खुनाला फाशी हाच नेम, आणि त्याहून कमी द्यायचं तर जजला कारण लिहावं लागे. पण आमच्याकडच्या खटल्यांत ते कारण सापडायला त्रास पडत नसे. अडाणी माणूस, नशेतलं भांडण, स्वतःहून आला, सगळं कबूल केलं. काही वर्षांची सजा व्हायची आणि माणूस परत यायचा. लालसूही आला. त्याच्या जेवणाला मी गेलो होतो. चुलतभावाची पत्रावळ त्याने आपल्या हाताने वाढली. मग त्या भावाच्या बायकोने त्याच्या हातचा पहिला घास घेतला, आणि सगळं गाव जेवलं. मीही जेवलो. खाकी घालून खुन्याच्या पंगतीला बसलेला जमादार साहेबांनी पाहिला असता तर माझी बदली थेट अंदमानात झाली असती.

मग एका वर्षी खून जास्त झाले. जास्त म्हणजे किती, ते मी सांगत नाही. दारूचं वर्ष चांगलं होतं एवढं सांगतो. चांद्यापर्यंत बोंब गेली. त्यातच कोसाचा खटला उभा राहिला. कोसाचं पोर तापाने गेलं आणि शेजारच्या म्हाताऱ्याने करणी केली असं त्याच्या मनाने घेतलं. म्हाताऱ्याला त्याने मोहाची फुलं वेचताना मारलं. नेहमीप्रमाणे टंग्या घेऊन आला, नेहमीप्रमाणे जोगा गायता सोबत. "मी मारलो," म्हणाला.

सेशन जजनी त्याला फाशी सुनावली. या मुलखाला शिक्षेची जरब उरलेली नाही, आरोपी स्वतःहून येतात तेही शिक्षा सौम्य आहे हे ठाऊक असल्यामुळेच, तेव्हा आता एक कडक उदाहरण घालून देणं भाग आहे, असा निकालाचा मतलब होता. हायकोर्टाने ती कायम केली, अर्ज-विनंत्या संपल्या आणि नागपूरच्या तुरुंगात कोसा फासावर गेला. वरून मला हुकूम आला, की ही बातमी प्रत्येक आठवडी बाजारात दवंडी पिटून सांगावी.

सांगितली. पुढे कोतवाल डफडं वाजवायचा आणि मागे मी उभा राहून माडियात ओरडायचो, की जो मारील त्याला सरकार दोराला टांगेल, तो परत येणार नाही. खोटं कशाला बोलू, मलाही वाटत होतं, कानाला खडा लावतील लोक. कोसाने मारलेला म्हातारा मी ओळखत होतो. गरीब माणूस होता. त्याचा जीव फुकट जाऊ नये असं मलाही वाटे.

बाजारात जोगा गायता मिठाच्या दुकानाजवळ उभा होता. डफडं थांबल्यावर माझ्याजवळ आला.

"जमादारभाऊ, मंग कोसाच्या हातचं जेवण?"

"नाई होनार आता."

"मंग त्या म्हाताऱ्यान कुठी जाव?"

मी कोतवालाला पुढे व्हायला सांगितलं. जोगा म्हणाला, "मीच आणलो त्याले तुह्याजवळ, हात धरून. मी म्हणलो, चाल, सजा भोगून येशीन वापस." त्या दिवशी माझ्या माडियाला तो हसला नाही. मिठाची पुडी घेतली आणि गेला.

त्यानंतर आमच्या ठाण्यात खून बंद झाले. खरंच बंद झाले. कुसुमाखाली कोणी येईना. जिल्ह्याचे साहेब दौऱ्यावर आले तेव्हा माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, पाहा जमादार, एका दोराने सगळा मुलूख सरळ झाला. रहीमखाँचे पाय सुखावले. मीही काही महिने खूष होतो.

पण बाजारात मला काही चेहरे दिसेनासे झाले. एका गावचा टोपल्या विणणारा येईना. विचारलं, तर लोक म्हणाले वाघाने नेला. मग दुसऱ्या गावचा एक जण. त्यालाही वाघानेच नेला. प्रेत विचारावं तर नदीत वाहून गेलं, नाहीतर जाळून टाकलं. त्या वर्षी आमच्या मुलखातला वाघ फारच माजला होता. फक्त गुराढोरांना तो शिवत नव्हता. मी जोगाला गाठून विचारलं, तर तो जमिनीकडे पाहून म्हणाला, "मले त वाघ नाई दिसला, भाऊ. पण मी तुह्याजवळ आता कोनाले आणू?"



पुढे उन्हाळ्यात जोगाच्याच गावात चिन्ना नावाच्या तरण्या पोराने मावसभावाला मारलं. गोरगा म्हणून तिकडे एक ताडासारखं झाड असतं, त्याची ताडी निघते. आज कोणाच्या पाळीची, यावरून भांडण. म्हणजे लालसूचंच भांडण, झाड तेवढं बदललं. गाव म्हणालं, वाघाने मारलं म्हणून सांगू. जोगा गायता अडून बसला. दोन-तीन मेलेले असेच जागेवाचून फिरताहेत, आता माझ्या गावात आणखी एक नको, असं त्याचं म्हणणं. दोर होतो की सजा होते ते सरकार पाहील, आपण आपलं सांगावं. सकाळी चिन्नाची नशा उतरल्यावर जोगाने त्याचा हात धरला आणि नेहमीच्या वाटेने ठाण्याकडे निघाला.

जोगा गायता ठाण्यात पोचला नाही. त्याची बायको पगनी पोचली, गावातल्या दोघांना घेऊन. नदीच्या उताराशी वाटेवरच तो पडला होता. पाठीमागून घाव होता. चिन्ना इंद्रावती ओलांडून बस्तरात गेला होता.

मी खूप प्रेतं पाहिली आहेत. नोकरीत माणूस निबर होतो. पण त्या वाटेवर मी खाली बसलो आणि रडलो, आणि रहीमखाँने माझ्यावर आपल्या छत्रीची सावली धरली. नशेत एक माणूस मारलेल्या चिन्नाला जुन्या काळात काही वर्षांची सजा झाली असती. तो आणि जोगा बोलत बोलत माझ्याकडे आले असते, मी दोघांना आंबील दिली असती.

धाक बसत नाही असं म्हणणाऱ्यांतला मी नाही. धाक बसतो. मी तो स्वतः बाजारोबाजार नेऊन पोचवला होता. पण टंग्या उचलताना माणसाला धाक आठवत नाही, त्या वेळी त्याच्या डोक्यात ताडी असते, नाहीतर मेलेलं पोर असतं. धाक आठवतो तो टंग्या खाली आल्यावर. आणि तेव्हा धाकाने माणूस काय करील हे कोणी सांगावं? रोग रेड्याला आणि औषध पखालीला, तशातली गत झाली.

पावसाळ्यानंतर बस्तरच्या पोलिसांनी चिन्नाला त्याच्या मामाच्या गावात पकडलं. हाडांचा सापळा झाला होता. बेड्या घालून, कमरेला दोर बांधून आणला. कुसुमाखाली बसवला तेव्हा पगनी आली. मला वाटलं, ही आता याच्या अंगावर धावून जाईल. ती माझ्याकडे वळली.

"याले लटकवू नोका, जमादारभाऊ."

"बाई, यान त तुमच्या गायत्याले मारलं."

"म्हणूनच त म्हणतो. दुसऱ्या कोनाच्या हातचं त्याले चालन का? जेलात टाका, म्हातारा करून पाठवा, पण वापस पाठवा. मी वाट पायतो."

नवरा आयुष्यभर लोकांना त्यांच्या माणसांत पोचवत आला, आणि तो स्वतःच वाटेवर राहणार, हे तिला सोसवत नव्हतं. मी तिला वचन दिलं नाही, पण चांद्याला चिन्नासाठी सरकारने दिलेल्या वकिलांना जाऊन भेटलो. पोलिसाने आरोपीच्या वकिलाकडे जाणं बरं दिसत नाही, तरी गेलो. भले गृहस्थ होते. म्हणाले, "जमादार, खून हा सरकारविरुद्धचा गुन्हा. बाईच्या म्हणण्याला कोर्टात किंमत नाही. पण पहिला नशेत झाला, दुसरा भीतीने झाला, असं मी मांडतो. परिणामांची त्याला समज नव्हती एवढं दिसलं, तरी काही आशा आहे."

जज आता दुसरे होते, शांत आणि विचारी. कायदाही मधल्या काळात थोडा सैल झाला होता, फाशी द्यायचीच असं राहिलं नव्हतं. सगळ्या साक्षी झाल्यावर त्यांनी दुभाष्यामार्फत चिन्नाला स्वतः विचारलं.

"खून केला की फाशी होते, हे तुला माहीत होतं का?"

पगनी साक्षीदारांच्या बाकाजवळ जमिनीवर बसली होती. मी मनात म्हणालो, पोरा, नाही म्हण.

"माहीत होतं," चिन्ना म्हणाला. "बाजारात डफडं वाजलं तवा मी तिथीच होतो."

"मग माहीत असून गायत्याला का मारलंस?"

"माहीत होतं म्हणूनच मारलो. नसतं माहीत त त्याच्या संग आलो असतो, जसे सगळे येत होते. तो माह्या हात धरून दोराकडं घेऊन जाऊन राह्यला होता. एकाले मारलं तरी दोर, दोघाले मारलं तरी दोर."

दुभाष्याने ते हळू आवाजात सांगितलं. जजसाहेबांनी पुन्हा विचारायला लावलं. पुन्हा तेच उत्तर आलं. मग त्यांनी ते लिहून घेतलं.

फाशीच झाली. समजून उमजून केलेला दुसरा खून, तोही म्हाताऱ्या निःशस्त्र माणसाचा. त्यांच्या खुर्चीत मी असतो तर वेगळं काय लिहिलं असतं, मला सांगता येत नाही.

निकालाच्या दिवशी पगनी आली होती. कोणी बोलावलं नव्हतं, तरी चालत आली होती. कोर्टाच्या मागच्या अंगणात चिन्नाला आम्ही जेलकडे न्यायला उभं केलं होतं. मी तिला सांगितलं. मग तिने विचारलं, "सजा सांगून झाली ना?"

"हो."

"मंग आत्ताच वाढू द्या त्याले. मंग कवा वाढन?"

आपल्या फडक्यातून तिने वाटेच्या शिदोरीचा भात काढला, पानात बांधलेला. पान जमिनीवर पसरलं. फाशीच्या कैद्याची बेडी काढायची नाही, हा नियम मला तोंडपाठ होता. मी रहीमखाँकडे पाहिलं. तो म्हणाला, "खोलो, जमादारसाब. वो कायको भागेगा?" मी किल्ली काढली.

चिन्ना गुडघ्यांवर बसला. पान एकच होतं. त्याने भात मुठीत घेऊन त्याचे दोन ढीग केले, एक मावसभावाचा आणि एक जोगाचा, आणि जोगाच्या ढिगाला हात लावून काहीतरी पुटपुटला, ते मला ऐकू आलं नाही. कोर्टातले कारकून व्हरांड्यात येऊन उभे राहिले. कोणी हसलं नाही.

मग उरलेला भात हातात घेऊन तो तसाच बसून राहिला. कोणाला वाढावं ते त्याला कळेना. पगनी त्याच्यासमोर बसली आणि तिने ओंजळ पुढे केली. त्याने वाढलं. ती त्याच्या हातचा भात सावकाश, एकेक घास करून खाऊ लागली. तिचं जेवण होईपर्यंत मी बेडी पुन्हा घातली नाही.